पावसाळ्यात अंगणातला लोखंडी बाक: बसायच्या आधी एकदा उलटा करून बघा

मागच्या गणपतीत मुंबईचे काका आले होते आमच्याकडे, संध्याकाळी पाऊस जरा उघडला म्हणून चहाचा कप घेऊन अंगणातल्या बाकावर जाऊन बसले आणि बाकाचा मागचा उजवा पाय आत गेला. मोडला नाही हां, पाइप स्वतःतच चेपला, रिकामा पत्र्याचा डबा पायाखाली दाबावा तसा. काका कलंडले, चहा सांडला, पोटरीला चांगला वीतभर ओरखडा. आणि त्याच बाकाला मी मे महिन्यात हिरवागार ऑइल पेंट मारलेला, दोन हात, लांबून नवा कोरा दिसायचा. काका उठले आणि पहिलं वाक्य काय तर, "रंग बाकाला लावलास की गंजाला?"

उत्तर नव्हतंच माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने पाय कापून बघितला तर आत तांबड्या पापड्यांचा चुरा भरलेला, आणि जो पाइप मला १६ गेज म्हणून विकला होता (म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर जाड असायला हवा) तो गंज न लागलेल्या भागातसुद्धा १ मिलिमीटर भरला नाही. देणाऱ्याचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी वस्तू घेताना मोजपट्टी घेऊन जातो, दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्या पाहुण्यांना देतो, त्यामुळे बाक, खुर्च्या, झोपाळा हे सगळं बाहेर लागतंच. काकांच्या त्या प्रसंगानंतर वर्षभर जे शिकलो, काही वेल्डरकडून, काही वायरमनकडून, काही हात पोळून, ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. लांब आहे, घाई असेल तर निदान उलटा करून बघायचा भाग आणि करंटचा भाग वाचा.

आपल्याकडेच एवढा गंज का

लोकांना वाटतं पाऊस जास्त म्हणून गंज जास्त. रत्नागिरीला पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरंय, पण खरा वैरी मीठ आहे. खाऱ्या वाऱ्यातनं मिठाचा बारीक थर लोखंडावर बसतो आणि हे मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं, हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर ओलावा असला की साधं मीठसुद्धा विरघळून चिकट होतं, स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं जून-जुलैत काय होतं ते आठवा, तेच बाकावर होतं. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी मीठ आहे तोवर बाक कधी पूर्ण सुकतच नाही.

आणि याच्यातनं एक उलटी गोष्ट निघते जी मला कुणी सांगितली नव्हती. पावसाच्या सरळ माऱ्यात असलेला बाकाचा वरचा भाग धुतला जातो, मीठ वाहून जातं. सीटच्या खालची बाजू, पडवीच्या कडेला वळचणीत ठेवलेली खुर्ची, टेबलाच्या फळीखालचा अँगल, तिथे पाऊस पोचत नाही पण खारा वारा मात्र पोचतो, म्हणून तिथे मीठ साठत राहतं. त्यामुळे बऱ्याचदा छपराखालची वस्तू उघड्यावरच्या वस्तूच्या आधी सडते. आम्ही वर्षानुवर्षं नेमका वरचाच भाग पुसत आणि रंगवत होतो!

तिसरी गोष्ट पोकळ पाइपची. बाहेरून रंग, आत काहीच नाही. वेल्डिंगच्या बारीक फटीतनं पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही, पायाच्या तळाशी साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो, म्हणून आधी रंगाला फोड येतात, मग पापडी सुटते, पण फोड दिसेपर्यंत आतनं निम्मा पाइप गेलेला असतो.

पहिलं काम: उलटा करा

मेच्या पहिल्या पंधरवड्यात करा, म्हणजे मृगाच्या आधी दुरुस्तीला वेळ मिळतो. आणि हो, उलटा करायच्या आधी काठीने खाली ठोका, हातात जाड मोजे घाला, कारण बाकाखाली विंचू असतो, फुरसं असू शकतं, आणि उघड्या पाइपच्या तोंडात गांधीलमाश्या घर करतात हे मी कानाच्या पाळीवर अनुभवलंय.

बाक उलटा झाला की सगळ्यात आधी पायांचे तळ बघा. खुर्च्यांच्या पायांना काळी रबरी नाहीतर प्लास्टिकची बुचं असतात ना, ती काढा, सगळी. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून आपण ती बसवतो पण पावसाळ्यात ती पाण्याच्या वाट्या होतात, पाय २४ तास पाण्यात उभा. बूच काढलं आणि आतनं तपकिरी पाणी आलं तर त्या पायावर विश्वास ठेवू नका. बूच पुन्हा घालायचंच असेल तर त्याच्या तळाला एक भोक पाडून घाला.

मग जुना स्क्रूड्रायव्हर घ्या, टोकदार, आणि पायांना खालून वर अर्धा फूट, सीट आणि पाय जिथे जोडलेत तिथे, आणि प्रत्येक वेल्डिंगच्या शेजारी जोर देऊन टोचा. संकोच करू नका, चांगल्या लोखंडाला काही होत नाही. टोक आत गेलं किंवा लोखंड दबलं तर तो भाग संपला. त्यानंतर छोट्या हातोडीने ठोकत जा, चांगला पाइप खणखणतो, गेलेला पाइप बद्द वाजतो, आणि आत गंजाचा चुरा असेल तर हलवल्यावर वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. आमच्या वेल्डरदादाला तर नुसत्या आवाजावरनं कळतं, तो म्हणतो नारळ वाजवून बघता तसंच हे.

वेल्डिंगच्या जोडावर केसाएवढी बारीक तांबडी रेघ दिसली तर तो नुसता डाग समजू नका, ती बहुतेक वेळा चीर असते, पाणी तिथनं पाझरत असतं. घडीच्या खुर्च्यांमध्ये रिव्हेट बघा, रिव्हेटच्या भोवती भोक लांबट झालं असेल तर ती खुर्ची कधीतरी बसल्या बसल्या मिटणार आणि बोटं नेमकी तिथेच असणार.

हे सगळं पास झालं तरी माणूस बसवायच्या आधी वजन ठेवून बघा. मी जांभ्याचे चिरे वापरतो, घरात पडलेलेच असतात, एक चिरा काट्यावर मोजून घ्यायचा, साधारण ३० किलोच्या पुढेच भरतो, आणि दोन माणसांच्या बाकावर २०० किलो होईल एवढे चिरे हळूहळू ठेवायचे, अर्धा तास तसंच सोडायचं. मग बाक बाजूने आणि मागे ढकलून बघायचा, कारण माणूस नुसता बसत नाही, मागे रेलतो, उठताना एका हातावर जोर देतो. वजन ठेवताना आपले पाय खाली घालू नका एवढंच.

झोपाळा: याला वेगळा वेळ द्या

कोकणात झोपाळ्याशिवाय घर नाही, आणि माझ्या मते अंगणातल्या सगळ्या धातूच्या वस्तूंमध्ये झोपाळा सगळ्यात धोक्याचा. बाक मोडला तर माणूस दीड फूट खाली बसतो, झोपाळा सुटला तर माणूस हलता हलता मागे डोक्यावर जातो. हलत्या झोपाळ्यात कड्यांवर येणारं वजन बसलेल्या माणसापेक्षा बरंच जास्त असतं, जोरात झोका घेतला तर दुपटीच्याही पुढे जाऊ शकतं, त्यामुळे "आम्ही तिघं बसलो होतो तेव्हा काही झालं नाही" याला अर्थ नाही, तिघं बसले होते, झोके घेत नव्हते.

वरनं सुरुवात करा. स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये सळीचा हुक सोडलेला असतो, तो जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे नीट बघा, शिडी लावून, खालून मान वर करून नाही. तिथे तांबडा ओघळ असेल, काँक्रीटला चीर असेल, ठोकल्यावर पोपडा पडत असेल तर झोपाळा त्याच दिवशी उतरवा. हुक आतनं किती राहिलाय हे कुणीच सांगू शकत नाही, गवंडीही नाही. लाकडी वाशाला असेल तर वासा भिजतोय का, वाळवी आहे का ते बघायचं, पितळी कड्या असल्या तरी शेवटी वासाच वजन धरतो.

मग साखळी. साखळीची प्रत्येक कडी दुसऱ्या कडीवर जिथे घासते तिथेच ती झिजते, आणि ती जागा ताणलेल्या साखळीत दिसत नाही. फळी उचलून साखळी सैल करा, कड्या सरकवा, आणि घासलेली जागा बघा, जाडीचा दहावा हिस्सा जरी गेला असेल तरी साखळी बदला, एकच कडी बदलून वेल्डिंग मारू नका. आजकाल बोटं चिमटू नयेत म्हणून साखळीवर प्लास्टिकची नळी चढवतात, कल्पना चांगली पण त्या नळीत पाणी अडकतं आणि आतली साखळी दिसतच नाही, आमच्या शेजारच्या वहिनींनी नळी कापली तर आत साखळीच्या जागी नुसती तांबडी माळ. नळी वापरायचीच तर फक्त हात धरायच्या उंचीवर आणि वर्षातनं एकदा काढायची.

एस आकाराचे उघडे हुक वापरू नका, झोका वर गेला की साखळी सैल होते आणि हुकातनं निसटू शकते. स्क्रूने बंद होणारी डी शॅकल घ्या आणि तिच्या पिनला तारेने बांधून ठेवा म्हणजे हलून हलून सुटत नाही. उभ्या स्टँडचा झोपाळा असेल तर वरच्या आडव्या पाइपचे नट-बोल्ट दर पंधरा दिवसांनी पान्याने तपासा, आणि ओल्या मातीवर स्टँड ठेवू नका, पावसात एक पाय खचतो आणि सगळा सांगाडा पिळतो. खरं सांगायचं तर आम्ही जून ते सप्टेंबर स्टँडचा झोपाळा खोलून मागच्या पडवीत ठेवतो, पाहुणे कुरकुरतात, पण पावसात त्याच्यावर बसतं कोण?

घसरणं

हॉस्पिटलात नेणारे अपघात बहुतेक मोडण्याचे नसतात, घसरण्याचे असतात. ओला पावडर कोटिंगचा बाक साबण लावल्यासारखा असतो, म्हातारी माणसं काठावर बसतात आणि पुढे सरकतात. भोकं पाडलेली किंवा पट्ट्या-पट्ट्यांची सीट घ्या, पाणी साचत नाही, आणि सीटचा उतार किंचित मागे असलेला बरा. हात टेकायला दोन्ही बाजूला आर्मरेस्ट हवेच, हे आईचं मत आणि तिच्या गुडघ्यांमुळे ते आमच्याकडे कायदा आहे. बाकाशेजारी एक जुना टॉवेल खुंटीला ठेवला की अर्धं काम होतं, लोक पुसून बसतात.

जमीन बघा. जांभ्याच्या फरशीवर, पाखाडीवर, सिमेंटच्या कोब्यावर आठ दिवसांत शेवाळ धरतं आणि त्यावर लोखंडी पाय सरकतात, विशेषतः कुणी बसताना मागनं धप्पकन टेकलं की. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडर टाकलीत तर अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा आणि बाक आधी बाजूला करा, कारण ब्लीचिंगमधलं क्लोरीन स्टीललासुद्धा खातं. ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र कधीच नको, विषारी वायू निघतो.

बाकाचे पाय मातीत पुरायचे नाहीत. बऱ्याच ठिकाणी घट्ट राहावा म्हणून पुरतात आणि नेमका जमिनीच्या रेषेवर, जिथे माती, पाणी आणि हवा तिन्ही भेटतात, तिथे पाय तुटतो. त्यापेक्षा जमिनीच्या वर चार इंच सिमेंटचे ठोकळे करा, वरनं किंचित उतार द्या, बेसप्लेट बोल्टने त्यावर बसवा. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत बाक नको, चार महिने एकाच जागी पाणी ठिबकत राहतं आणि खालनं चिखलही उडतो.

खरचटलं तर गंजामुळे धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्याचे जंतू मातीत-शेणात असतात, गंजलेल्या खडबडीत लोखंडावर ती माती अडकलेली असते इतकंच. जखम साबण-पाण्याने खळखळून धुवा, आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं होऊन गेली असतील किंवा आठवतच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन घ्या. काकांनी घेतलं, कुरकुरत.

करंट: इथे गंमत नाही

पूर्ण लेखातला हा भाग मी सगळ्यात गंभीरपणे लिहितोय. धातूचा बाक स्वतः काही करत नाही, पण दुसरीकडचा करंट तो तुमच्यापर्यंत आणून पोचवतो, आणि ओल्या अंगाला, ओल्या कपड्यांना, अनवाणी पायांना करंट कोरड्यापेक्षा खूप सहज लागतो.

कुठून येतो? गणपतीत, लग्नात आपण झुरमुळ्या लाइट बाकाच्या पाठीला, लोखंडी मांडवाला, ग्रीलला गुंडाळतो, त्या स्वस्त वायरीचं इन्शुलेशन कुठेतरी सोललेलं असतं, पाऊस पडला की संपलं. बाकाशेजारी रोवलेला बागेतला दिवा, विहिरीवरच्या पंपाची जमिनीवरनं गेलेली केबल, पत्र्याच्या शेडला टेकलेली सर्व्हिस वायर, कपडे वाळत घालायची लोखंडी तार जिचं एक टोक विजेच्या खांबाला बांधलंय (बांधतात हो लोक!). खांबाच्या ताणाच्या तारेला टेकून बाक ठेवू नका, सावली कितीही छान असो.

करायचं काय: एक, बाकाला, झोपाळ्याला, लोखंडी बेड्याला (फाटकाला) कुठलीही वायर गुंडाळायची नाही, लाइट हव्याच तर बांबूवर किंवा नारळाला सुतळीने, आणि बाहेर वापरायच्या, शक्यतो १२ व्होल्टच्या, ॲडॅप्टर घरात कोरड्या जागी. दोन, घराच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा खटका) बसवा. खूप जण म्हणतात आमच्याकडे एमसीबी आहे, पण एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झाला तर पडते, माणसाच्या अंगातनं करंट जातोय हे तिला कळत नाही, ते आरसीसीबीला कळतं. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे, नाही पडला तर ती शोभेची आहे. तीन, अर्थिंग वायरमनकडून मशीनने मोजून घ्या, आपल्या जांभ्याच्या कातळात नुसता रॉड ठोकून अर्थिंग नीट लागेलच असं नाही.

बाकाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "ओलं आहे म्हणून वाटतंय" म्हणून परत हात लावून बघायचा नाही. मेन बंद करा, सगळ्यांना लांब करा, वायरमन बोलवा. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असं धरून चालू नका, टेस्टर फसवतो.

कुणाला शॉक लागला आणि तो चिकटून असेल तर त्याला धरायचं नाही, आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला लांब ढकला, हे फक्त घरातल्या करंटला, रस्त्यावरची तार पडली असेल तर जवळच जाऊ नका, किमान १० मीटर लांब, आणि तुम्ही आधीच जवळ असाल तर पाय एकत्र ठेवून जमिनीला घासत छोटी पावलं टाकत मागे या, मोठी ढांग नको, कारण ओल्या जमिनीत दोन पावलांच्या अंतरातसुद्धा व्होल्टेजचा फरक असतो. महावितरणला १९१२ वर फोन, ॲम्ब्युलन्सला १०८. माणूस सुटला, हलवूनही काही बोलत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही.

वीज पडणं

जुलैत आपल्याकडे संततधार असते पण गडगडाट त्यामानाने कमी. धोका मेअखेर-जूनच्या सुरुवातीला आणि मग हस्ताच्या पावसात, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, दुपारनंतर ढग भरून येतात तेव्हा, आणि नेमके तेव्हा पर्यटक किनाऱ्यावरच्या बाकांवर सूर्यास्त बघत बसलेले असतात.

लोखंड वीज ओढून घेतं हा गैरसमज आहे, वीज उंच, टोकदार, एकट्या उभ्या गोष्टीवर पडायला बघते, म्हणजे किनाऱ्यावर नारळ, सुरू, मोबाइलचा टॉवर. दोन फुटी बाक तिला बोलवत नाही. पण शेजारच्या नारळावर पडली की ती जमिनीतनं, मुळांतनं, आणि लांबलचक लोखंडी कठडा असेल तर त्या कठड्यातनं पसरते, आणि तुम्ही तो धरून बसलेले असता. म्हणून बाक, कठडा, कुंपणाची तार सोडायची. मोठ्या लोखंडी दांड्याची गार्डन छत्रीसुद्धा.

वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, उठा. पक्क्या घरात जा किंवा काचा बंद करून गाडीत, रिक्षात नाही, उघड्या पडवीत नाही, बसस्टॉपच्या पत्र्याखाली नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मगच बाहेर. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा, आसपास वीज पडत असेल तर कळतं. आणि वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो, लोक घाबरून लांब राहतात आणि तेवढ्यात वेळ जातो.

धुणं आणि रंग

इथे माझी चूक कबूल करतो, मी गंजावर थेट रंग मारला होता. क्रम असा: आधी गोड्या पाण्याने धुणं, साबण लावून, खालची बाजू जास्त, कारण मीठ राहिलं तर त्याच्यावर कितीही भारी रंग मारा, फोड येणारच. मग सुकवणं. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने सुटा गंज काढणं, खड्ड्यांमध्ये जो राहतो त्याला रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज घट्ट करणारं रसायन), मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात, प्रत्येक हात सुकू देऊन. साधा रेड ऑक्साइड किनाऱ्यावर एखाद-दुसरा पावसाळा काढतो, झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट महाग पडतो पण टिकतो. कोपऱ्यांवर आणि वेल्डिंगवर ब्रशने एक जादा हात द्या, तिथे रंग पातळ बसतो.

हे सगळं हिवाळ्यात किंवा मे संपायच्या आत. हवेत ८५ टक्क्यांच्या वर ओलावा असताना रंग मारूच नका, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे जवळजवळ कधीच नाही. पावसात गंज दिसला तर कोरडं करून घासा, पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस बोल्टांना लावा आणि दिवाळीपर्यंत थांबा. जळकं इंजिन ऑइल चोपडतात काही जण, कपडे जातात, माणूस घसरतो आणि ते वाहून विहिरीकडे जातं, मला तो प्रकार आवडत नाही.

पाइपच्या पायांना तळाशी ६ मिलिमीटरचं भोक पाडा, आत साचलेलं पाणी निघून जाईल. बंद पाइपला पाणी निघायला आणि वाफ जायला भोक न पाडता वेल्डिंग करू देऊ नका, वाफ कोंडून फुटतो. जीआय पाइपला (म्हणजे झिंकचा थर दिलेल्या) वेल्डिंग असेल तर जोडावरचं झिंक आधी घासून काढायला सांगा आणि उघड्यावर करा, त्या पांढऱ्या धुराने वेल्डरला रात्री थंडीताप भरतो.

नवीन घेताना

"स्टेनलेस आहे" म्हणून घेऊ नका, कुठलं ते विचारा. बाजारात २०२ ग्रेड भरपूर येतं, चकचकीत, स्वस्त, आणि समुद्राकाठी पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ठिपके. ३०४ बरं, ३१६ सगळ्यात चांगलं कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं जे मिठाला टक्कर देतं. लोहचुंबक लावून ओळखतात ते चुकीचं, २०२ लाही चुंबक चिकटत नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि ३१६ सुद्धा धुतलं नाही तर त्यावर चहाच्या रंगाचे डाग पडतात, ते काढायला लोखंडी तारेची घासणी वापरली तर तिचे कण रुतून तेच गंजतात, नायलॉनची घासणी घ्या.

ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही म्हणतात, पण त्याला स्टीलचे स्क्रू थेट लावले की खाऱ्या ओलाव्यात स्क्रूभोवती पांढरी भुकटी होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. हलकं असल्याने उडतं पण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या पट्ट्यात काय काय उडालं ते बघितलेला माणूस अंगणात सुटी खुर्ची ठेवत नाही, वादळाचा इशारा आला की सगळं आत, जे आत येत नाही ते आडवं करून दोरीने बांधायचं.

मी स्वतः आता हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेला बाक घेतलाय, वेल्डिंग झाल्यावर वितळलेल्या झिंकमध्ये अख्खा बुडवतात त्यामुळे पाइपच्या आतही झिंक बसतं. दिसायला राखाडी, बायको म्हणते बसस्टॉपसारखा दिसतो. दर रविवारी पावसाळ्यात पाऊस नसेल तेव्हा खालनं पाइपने गोडं पाणी मारतो, पाच मिनिटं.

जुना हिरवा बाक गेटबाहेर ठेवणार होतो, कुणाला हवा असेल तर नेईल म्हणून, मग वाटलं संध्याकाळी एसटीची वाट बघणारं कुणीतरी त्याच्यावरच बसायचं. म्हणून चारही पाय कापले, सीट भंगारवाल्याला दिली, आणि पाठीची जाळी परसात पडवळाच्या वेलाला लावली. वेल चढलाय चांगला.